झिजलेल्या गिअरची नक्कल

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या उल्हासनगरच्या वर्कशॉपमध्ये ती स्पीडबोटवाली पार्टी पुन्हा आली. बोटीच्या मागच्या ड्राइव्हमधल्या, म्हणजे इंजिनाची ताकद पंख्याला देणाऱ्या भागातल्या, गिअरचे दात पुन्हा तुटलेत. तुटणारच! इंजिन दुप्पट ताकदीचं बसवलं, ड्राइव्ह मात्र जुनाच. त्यात मागच्या वेळी आमच्या मालकांनी, सेठनी, झिजलेला गिअर मोजून नवा बनवून दिला. हुबेहूब, झिजेसकट!

मी म्हटलं, "सेठ, या ड्राइव्हला हे इंजिन झेपत नाही. मोठा ड्राइव्ह घ्यायला सांगा."

"मॅडम, पार्टीला सेम टू सेम पायजे. कॉलेजचं कॉलेजमध्ये ठेवा."

सगळे हसले. झिजेसकट नक्कल करायची, आणि वर हसायचं?

मी विचारलं, "रविवारी ती बोट लोकांना फिरवणार. तुमच्या मुलांना बसवाल तिच्यात?"

"पागल झालात का? आमची मुलं कशाला बसतील?"

आपण काय बोलून गेलो, ते सेठना लगेच कळलं. मग चिडून म्हणाले, "उद्या गिअर तयार पायजे, नायतर दुसरी नोकरी बघा."

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. पप्पा आमच्या शिरगावभर सांगत फिरतात, पोरगी इंजिनियर आहे. नोकरी गेली तर त्यांना काय सांगू? मी जास्त बोलले का? नाही. त्या बोटीत कुणाची तरी मुलं बसणारच आहेत. बोटवाल्याचा नंबर माझ्याकडे आहे. आधी त्याला फोन करते, मग पप्पांना सांगते.