भोवऱ्याच्या हौदाचा व्हिडिओ

१२ मे, सोमवार

पोचले! प्लॉव्हदिव्ह शहरातून माझ्या गाडीने तीन तास, त्यातला शेवटचा तास नुसती वळणं. पण डोंगर उतरून व्हीरोवो गाव दिसलं आणि सगळं विसरले. सहा वर्षं एजन्सीत बसून दुसऱ्यांच्या नावावर जाहिराती केल्या. हे पहिलं काम माझ्या स्वतःच्या नावावर: तीन आठवडे, बारा छोटे व्हिडिओ, आणि त्यातून स्तामेनकाकांच्या कारखान्यातली घोंगडी जगभर विकायची.

स्तामेनकाकांनी दारातच चीजची गरम पेस्ट्री, बॅनित्सा, हातात ठेवली. म्हणाले, "झोर्नित्सा, पोरी, माल माझा सोन्यासारखा आहे, पण जगाला पत्ता नाही. तू फक्त दाखव." यापूर्वी त्यांनी एक व्हिडिओ करवून घेतला होता. आकाशातून गाव, मग बासरी, मग गरगर फिरणारं बोधचिन्ह, मग पाच मिनिटं काका सूट घालून बोलतायत. बेचाळीस लोकांनी पाहिला. "त्यातले तीस वेळा मीच," असं म्हणून तेच आधी हसले. मला माणूस आवडला.

खरी गंमत दुकानामागे आहे. ओढ्याचं पाणी लाकडी पन्हळीतून जोरात खाली येतं आणि जमिनीत बसवलेल्या फळ्यांच्या हौदात पडतं. हौद खोलीएवढा, तळाकडे निमुळता. पाणी आत गरगरत राहतं आणि विणलेलं घोंगडं त्यात तासन् तास बुडतं, वर येतं, पुन्हा बुडतं. त्यानेच लोकर घट्ट होते आणि तिचे लांब केस सुटतात. असला देखावा पैसे देऊन उभा करता येत नाही!

१४ मे, बुधवार

पहिला व्हिडिओ टाकला. वीस सेकंदांचा. संगीत नाही, फक्त पाण्याचा आवाज. पहिल्या तीन सेकंदांत लाल घोंगडं भोवऱ्यात खाली ओढलं जातं. लोकांचं बोट तिथेच थांबतं, कारण ते वर येतं का हे प्रत्येकाला बघायचं असतं.

हौदावर मिंकामावशी काम करतात. साठीच्या असतील. हातात आकडी लावलेली लांब काठी, तिने घोंगडं ओढतात. चेहरा दाखवू का विचारलं तर म्हणाल्या, "हात घे. तोंड दाखवायचं वय माझं गेलं, आणि असतं तरी तुला दिलं नसतं." झालेला व्हिडिओ दाखवायला गेले तर पाठ फिरवून निघून गेल्या. लाजल्या असतील.

१६ मे, शुक्रवार

नव्वद हजार लोकांनी पाहिला! दोन दिवसांत एकसष्ट घोंगड्यांची मागणी, त्यातल्या नऊ जर्मनीतून. काकांनी राकियाची बाटली काढली, मला गोल फिरवून नाचवलं.

कॉमेंट वाचत बसले होते. बरेच जण एकच विचारतायत, पाण्यातली ती निळ्या रुमालाची मुलगी कोण? मी व्हिडिओ चारदा पाहिला. मुलगी कुठेच नाही. पाण्यात आभाळाचं प्रतिबिंब दिसलं असेल. पण प्रश्न विचारणारे पुन्हा पुन्हा बघतात, आणि आमच्या धंद्यात तेवढं पुरतं. म्हणून उत्तर दिलं, "ती आमची गुप्त कारागीर!" वर हसरा चेहरा.

१८ मे, रविवार

हे काहीतरी विचित्र आहे.

दुसऱ्या व्हिडिओत मिंकामावशी पांढरं घोंगडं बाहेर ओढतायत. त्याखाली लोक लिहितात, आधी ती गळ्यापर्यंत पाण्यात होती, आता काठावर बसली आहे. एकमेकांना न ओळखणारी माणसं, वेगवेगळ्या गावांतली. सगळ्यांना एकच जागा दिसते, हौदाचा डावा काठ. मी चित्र थांबवलं, उजळ केलं, मोठं केलं. ओली फळी. बाकी काही नाही.

एजन्सीतली माझी मैत्रीण ल्यूबा कशावरही विश्वास ठेवत नाही. तिला काही न सांगता पाठवला. पाच मिनिटांत तिचा फोन. म्हणाली, "मुलगी निवडलीस छान, पण बाई, तिला कोरडे कपडे तरी दे! थरथरतेय बिचारी."

मी विषय बदलला. 

१९ मे, सोमवार

काकांना सांगितलं. ते मोठ्याने हसले, लोकांना उद्योग नाहीत म्हणाले. मग कॉफीचा घोट घेता घेता सहज विचारलं, रुमाल कुठल्या रंगाचा म्हणतात?

निळा, मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला, तो बशीच्या बाहेर. म्हणाले, हौदाचं चित्रण आता पुरे, दुकानातलं घे. त्यांनाही व्हिडिओत काही दिसत नाही. पण त्यांनी तो पुन्हा बघितला नाही.

२१ मे, बुधवार

दुपारी दुकानाच्या फोनवर परदेशातून, व्हॅलेन्सियाहून एक बाई बोलली. नाव नेवेना. आवाज आधी अगदी शांत होता. "माझ्या बहिणीला फोन द्या. एल्काला. तुमच्या व्हिडिओत आहे ती. मी तिला अकरा वर्षं शोधतेय."

मी म्हटलं, इथे एल्का नावाची कुणी नाही.

"खोटं बोलू नका हो. तिसऱ्या सेकंदाला ती मान वर करते. तो रुमाल मी दिलेला आहे तिला, इकडे यायला निघताना." मग ती रडायला लागली. एल्का इथेच हौदावर कामाला होती. एक दिवस स्तामेनने कळवलं की ती न सांगता इटलीला पळाली. नेवेना दोन वेळा इटली पालथी घालून आली. "ती होती तशीच दिसते. अकरा वर्षांत एक दिवससुद्धा मोठी झाली नाही. ते का, एवढं तरी सांगा मला."

 फोन ठेवल्यावर वळले तर दारात काका उभे होते. किती वेळ, माहीत नाही.

२२ मे, गुरुवार

काकांनी सगळे व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. मागणी अडीचशेवर गेली आहे, तरी. आवाज गोडच होता. सोमवारी मी स्वतः तुला प्लॉव्हदिव्हला सोडतो म्हणाले. माझ्या गाडीची किल्ली खुंटीवर नाही. विचारलं तर म्हणाले, पोरी, घाटात दरड आली आहे, एकटी जाऊ नकोस.

गावात कुणालाच दरड माहीत नाही.

२३ मे, शुक्रवार

मिंकामावशींना गाठलं. एल्काचं नाव घेतल्याबरोबर त्यांची काठी हातातून सुटली.  मग पाण्याच्या आवाजात, माझ्या कानाशी—

एल्काचा पाय घोंगड्यात अडकला. ओढली गेली. मावशी ओरडल्या, झडप टाका, पाणी बंद करा. झडपेपाशी स्तामेन होता. तो म्हणाला, आता बंद केलं तर आतली बारा घोंगडी खराब होतील, येईल ती वर, पोहता येतं तिला. हात झडपेवर ठेवून उभा राहिला.

"चार मिनिटं," मावशी म्हणाल्या. "चार वेळा वर आली. प्रत्येक वेळी त्याच्याकडेच बघत होती."

मग तो म्हणाला, मी बघतो, तू घरी जा. मावशी घरी गेल्या. मावशींचा मुलगा त्याचीच गाडी चालवतो. "मी घरी गेले गं," हे त्या तीनदा म्हणाल्या. तिला कुठे नेलं, त्यांना माहीत नाही. विचारलंच नाही कधी.

२४ मे, शनिवार

आज चोरून दहा सेकंद घेतले. कुठेही टाकले नाहीत, फक्त ल्यूबाला पाठवले. तिचं उत्तर: ती आता कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभी आहे. पाणी ठिबकतंय. पण तुझ्याकडे बघत नाहीये. तुझ्या मागे बघतेय. कोण होतं मागे?

मागे दुकानाची खिडकी होती. खिडकीत काका.

२५ मे, रविवार, साडेदहा

कारखाना बंद. काका जवळच्या स्मोल्यान शहरात गेले आहेत. झडप टाकलेली, हौद रिकामा. ठरवलं. नेवेनाला कळवलं आहे. ती बघणार. मला दिसत नाही, पण बाकी सगळ्यांना दिसतं. मग त्यांचेच डोळे घ्यायचे. दुकानाच्याच खात्यावरून थेट प्रक्षेपण.

सव्वाअकरा

लिहून ठेवते. फोनची बॅटरी संपली तर हे तरी राहील.

सात हजार लोक बघत होते. मी फोन धरून चालत होते आणि ते लिहीत होते. डावीकडे. ती पुढे चालली आहे. थांबली. मागे वळून तुझी वाट बघतेय. आता खाली. जिथून पाणी बाहेर जातं तिथे. वाकली. दगडावर हात ठेवलाय.

तिथे दगड रचलेले. मी पाच काढले. सहाव्याखाली निळं कापड. आणि कापडात—

नेवेना, तू बघत होतीस. मला माफ कर.

पोलिसांना फोन केला. पाऊण तास म्हणाले.

अकरा पंचवीस

काकांची गाडी. तेही बघत असणार, स्मोल्यानहून. सात हजारांतले एक.

लोकरीच्या खोलीत आहे. दाराला आतून फक्त एक फिरवायची लाकडी खुंटी. फोन दाराकडे तोंड करून ठेवलाय, चालूच आहे.

बोलतायत बाहेरून. गोड आवाज. पोरी, दार उघड, फोन बंद कर, आपण बोलू. अपघात होता. बारा घोंगडी होती, सगळा हंगाम होता, तुला काय कळणार—

ढकलतायत. खांद्याने. दार हलत नाही. एवढीशी खुंटी, आणि—

कॉमेंट: तिने पाठ दाराला लावली आहे. पाय रोवलेत.

पुन्हा ढकललं. नाही हलत.

पाण्याचा आवाज येतोय. झडप तर टाकलेली आहे. मीच बघून आले. हौद रिकामा होता. भोवरा—

काका बोलायचे थांबले. मागे वळले असतील. मावशींना हाक मारतायत. मावशी आज नाहीत.

कॉमेंट थांबल्या. सात हजार माणसं आणि एक अक्षर नाही.

आता एकच. नेवेनाची. झोर्नित्सा, भिंतीला चिकट. तिला तू नकोयस. तिने खुंटी हातात—

खुंटी फिरतेय. मला दिसतेय. आणि खुंटीवर ओली बोटं, मला आता दिस