पिवळा ठिपका

अण्णा,

आज भंगारात आलेल्या एका ट्रकचं इंजिन खोलताना माझा हात थांबला. ट्रक दरीत कोसळलेला. ड्रायव्हर वाचला, पण केबिनचा पार चुराडा झालाय. इंजिनात मात्र बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांना बांधलेली तार जशीच्या तशी! तिला डाव्या हाताचा, उलटा पीळ होता.

तो पीळ माझा, अण्णा. अकरा वर्षांपूर्वी तुमच्याच गॅरेजात दिलेला. "डावखुऱ्या हाताचं काम टिकायचं नाही, परत बांधावं लागणार," असं तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात आणि मी पाना फेकून घर सोडलं.

चिंधीने तेलकट मळ पुसला, तर प्रत्येक बोल्टावर पिवळा ठिपका. काम तपासून पसंत पडल्याशिवाय तो ठिपका तुम्ही कुणाच्याच कामावर देत नव्हतात. म्हणजे मी गेल्यावर तुम्ही ती तार सोडून परत बांधलीच नाहीत!

भंगारवाले मालक ओरडले, "अगं, काप की तार!"

"बघू द्या हो जरा," मी म्हणाले आणि बघतच राहिले.

तुम्ही तेव्हा एका शब्दानंही कळवलं नाहीत. मीही हे पत्र टाकणार नाही. शेवटी लेक तुमचीच.

तुमची,
डावखुरी