दोन किल्ल्यांचं दार

१२ सप्टेंबर २००३, देवळी

पोचलो. मोतीलालशेठच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातच खोली मिळाली, हवेशीर. शेठच्या पत्नी सुलोचनाबाईंनी आल्या आल्या झुणका-भाकर पाठवली. काम मनासारखं आहे: कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी फाटक, गोदाम, संगणक, तिजोरीखोली या सगळ्यांची सुरक्षा एकत्र आखायची. नागपुरात आजवर नुसती यंत्रं बसवली. रचना पहिल्यांदाच करतोय. चाळिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी.

१९ सप्टेंबर

कुलपाकडे मालकाच्या नव्हे, फोडणाऱ्याच्या नजरेनं पाहायचं, हे या कामातलं पहिलं शिक्षण. मला जमत नाही. वाईट विचारांचीही लाज वाटते. म्हणून म्हातारे चौकीदार बंडूजी यांना चोर केलं. न सांगता आत शिरायचं, मग वाट मला दाखवायची. ते छपरातून शिरले, मग सरकी ओतायच्या झरोक्यातून. दरवेळी मी वाट बुजवली आणि शाबासकी दिली. साहेबानं बुढ्याले बिघडवलं, असं रोखपाल मुकेश चिडवतो.

२६ सप्टेंबर

तिजोरीखोलीचं दार बसलं. ओढलं की आपोआप बंद होतं, आतून उघडत नाही. बाहेरून दोन किल्ल्या एकदमच फिरवाव्या लागतात. एक शेठकडे, एक मुकेशकडे. दोन भोकांमधलं अंतर मुद्दाम एका माणसाच्या कवेबाहेर ठेवलं. बंडूजींनी हात पसरून पाहिले. पुरले नाहीत. संध्याकाळपर्यंत ते दारासमोरून हलले नाहीत.

१ ऑक्टोबर

फाटकावरचा कुत्रा मेला. गळा चिरलेला. आपणच मारला, हे बंडूजींनी स्वतःच येऊन सांगितलं, छपराची वाट सांगितली होती तितक्याच शांतपणे. मी संतापलो. आपलं काय चुकलं, हे त्यांना खरंच कळेना.

"चोरावानी विचार करा म्हनता साहेब, मंग अर्ध्यातच काऊन थांबता?"

शेठना सांगायला हवं. पण बंडूजींना चोर म्हणून मीच नेमलं. सणानंतर सांगेन. ही दया की भित्रेपणा?

५ ऑक्टोबर, दसरा, दुपार

इथे आज कुलपाकिल्ल्यांची पूजा होते. तिजोरीखोलीच्या दाराबाहेर दोन्ही किल्ल्या एकाच ताटात, हळदीकुंकवात. या दोन किल्ल्या एकत्र ठेवायच्याच नाहीत, असं मी म्हणालो. सुलोचनाबाई हसल्या.

"भाऊ, आज कुलपालेही सुट्टी असते."

सणाच्या दिवशी वाद कशाला, म्हणून ताट तसंच राहू दिलं. तिजोरीखोली पूजेसाठी उघडीच आहे. सगळे सोनं लुटायला गावाबाहेर गेले. फाटकावर बंडूजी, ताटाच्या राखणीला मुकेश.

दुपार

मुकेश सरकीच्या ढिगात. गळा कुत्र्यासारखाच. तोंडात सरकी कोंबलेली. उजवा हात नाही, खांद्यापासून नाही. सरकी लाल, चिकट— फाटकात बंडूजी, हातात कोयता. दुसरी वाट नाही. बाकीच्या सगळ्या मीच बुजवल्या.

तिजोरीखोलीत आलो. दार ओढून घेतलं. वही खिशातच होती.

खोलीतला फोन बंद. तार कापली असणार.

ओरडलो. कोणी नाही.

बाहेर ताट खणखणलं. किल्ल्या उचलल्या. उचलू देत. एकट्यानं उघडणार नाही. कव पुरत नाही, मी स्वतः पाहिलंय. एकट्या माणसाला हे दार—

एक किल्ली बसली.

काहीतरी ओलं दाराला घासत चाललंय. दुसऱ्या भोकाकडे. लांब. माणसाच्या हातापेक्षा लांब—

मुकेशचा हात. त्याच्या मुठीत किल्ली बांधून— म्हणून नेला. हे मला का नाही सुच—

बसली

दोन्ही एकदम फि