वस्तादांचा हात

वस्ताद, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी आता पन्नाशीला आलो, तरी तुमच्याशी बोललेलं एक खोटं मनातून जात नाही.

कागलच्या एमआयडीसीत नुकता लागलो होतो. घरची माणसं नेसरीला, मी मंगळवार पेठेत एका खोलीत. कामावरून परतताना आमच्या उभ्या जीपला मागून टेम्पोनं ठोकलं. रक्त नाही, खरचटणं नाही. मान तेवढी मागं जाऊन पुढं आली. दुसऱ्या दिवशी उठलो तर वळेना. न्हाव्याकडून कडकन मोडून घ्यावी म्हणून निघालो, तर मी रोज संध्याकाळी मेहनतीला यायचो त्या तालमीच्या दारात तुम्ही अडवलंत. "हिसक्यानं गेलेली मान परत हिसक्यानं येती व्हय? आधी फोटो काढ. हाड शाबूत हाय असं डॉक्टर म्हणू दे, मग मी बघतो."

डॉक्टरांनी पट्टा आणि गोळ्या दिल्या. आठ दिवसांनी हलक्या हातानं चोळलं तर चालेल म्हणाले. तालमीत पठ्ठ्यानं वस्तादाचं अंग रगडायचं, ही रीत. इथं तुम्ही कोमट तेलाची वाटी घेऊन माझ्या मागं बसला आहात आणि मी लाजेनं आखडलो आहे. "खांदं सोड लेका. मी काय तुझा गळा दाबाय बसलोय?" पोरं हसतात. तुमचा अंगठा कानामागून खांद्यापर्यंत सावकाश उतरतो, मान जराही वळवत नाही. कित्येक महिन्यांत मला कुणाचा हात लागला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. तुम्हाला वाटलं, दुखतंय.

पंधरा दिवसांत मान मोकळी झाली. "कसं हाय?" तुम्ही विचारलंत. "अजून धरतीया," मी म्हणालो, आणि पुढं महिनाभर रोज तेच म्हणत राहिलो. तुमचे गुडघे दुखायचे, तरी पाट ओढून बसायचात. मला खोलीवर जावंसं वाटत नव्हतं, एवढंच कारण. एका संध्याकाळी वाटी बाजूला सारून तुम्ही म्हणालात, "माझा हात गेला आता. तुझी एक मान सुटंना, दुसऱ्याला काय करू?" तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी खाली बघत सदरा घातला. त्यानंतर तुम्ही कुणाच्या अंगाला हात लावला नाही. लचक भरलेलं कुणी आलं की म्हणायचात, "पावणं, दवाखान्यात जावा. हात हुता तवा हुता."

दर शनिवारी मारुतीला तेल घालताना मी हे कबूल करतो. पण मारुतीला ते आधीच ठाऊक; ठाऊक नव्हतं ते तुम्हाला.

काल इथवर लिहून कागद तालमीत नेला, तुमच्या फोटोमागं ठेवायला. "काय काका, कुणाचं पत्र?" एका पैलवानानं विचारलं. "काय न्हाय, दवाखान्याचा कागद हाय," मी म्हणालो. वस्तादांचा हात शेवटी गेला, असंच तालमीतली पोरं अजून ऐकत आलीत; त्यांनी वाचलं असतं तर तुमचा हात गेला नव्हता हे त्यांना कळलं असतं. आणि मी कसा आहे, तेही. म्हणून कागद खिशात घालून परत आलो.