भोंगा वाजला त्या दिवशी

निर्मळ, वसई
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय अश्लेषा बाय,

तुझं नि घरच्यांचं बरं असेल. आम्ही दोघं ठीक. उर्सुलाने सोबत उन्हात वाळवलेल्या सुकेळ्यांचा पुडा दिलाय. तुझा फिटर शत्रुघ्न पत्र नि पुडा दोन्ही एव्हरशाईनला तुझ्या घरी पोचवेल. पुडा अर्धाच आला तर काय ते समज! तू नंबर दिला होतास, तरी म्हातारा फोन सोडून पत्र का लिहितो, असं वाटेल. सांगतो, जरा धीर धर.

सातिवलीच्या आमच्या रेकॉर्डच्या गोदामात तू बसवलेली आग विझवायची यंत्रणा छान चाललीय. आगीवर पाणी मारलं तर कागदांचा लगदा होईल, म्हणून गॅस, हे आता मी आल्यागेल्याला तुझ्यासारखंच समजावतो. भोंगा वाजला की तीस सेकंदांत बाहेर, दार बंद, मग गॅस. आत राहिला तो गुदमरला. माझं भाषण ऐकून नवी कॅरल तर टेबल उचलून दाराजवळच बसली.

आता त्या पहिल्या चाचणीचं. गॅसचे सिलिंडर तू सुटे करून ठेवले होतेस, गॅस सुटणार नव्हता. म्हणून मी मुद्दाम आत थांबलो, असं सगळ्यांना सांगितलं. "खोट्या भोंग्याला काय पळायचं? खोकी कोण मोजणार, तुझा बाप?" असंही तुला बोललो. तोंडाचा मी पहिल्यापासून तिखट. तू सिलिंडरवरून काढलेला तो पितळी तुकडा माझ्यासमोर धरलास. त्याची सुई बाहेर आली होती.

"काका, ही बाहेर आली म्हणजे गॅस सुटला असता. आणि तुम्ही आत होतात."

मग अहवालात लिहिलंस की एसीच्या घरघरीत भोंगा मागच्या रॅकपर्यंत पोचत नाही, तिथे लाल चमकणारा दिवा बसवा, तोवर सही नाही. काम दहा दिवस लांबलं. आणि मी काय केलं? आमच्या साहेबांकडे तुझी लेखी तक्रार केली. मुलीला अनुभव नाही, उगाच अडवून धरते. तुला ऑफिसात बोलणी खावी लागली, हे शत्रुघ्नकडून कळलं. मला त्या दिव्याची भीती वाटत होती, बाय. दिवा लागला की लोक विचारतील, कुणासाठी?

एसी बिचारा निर्दोष आहे. मला तो भोंगा ऐकूच आला नव्हता.

चार वर्षं झाली, कान गेलेत. कुणी समोर बोललं की ओठांवरून कळतं. चर्चमध्ये मिस्सेलासुद्धा शेजारच्याचं तोंड बघून 'आमेन' म्हणतो. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, बहिऱ्याला कोण ठेवेल, म्हणून घरीही बोललो नाही. उर्सुलाला वाटायचं, मी तिच्याकडे मुद्दाम कानाडोळा करतो. थोडा करायचोही.

बुधवारी दुसरी चाचणी. दिवा चमकला आणि सगळ्यांत आधी मी दाराबाहेर! नंतर आम्ही परत कामाला लागलो. सिलिंडर जोडून यंत्रणा चालू करण्याआधी तू एकेकाला नावाने हाक मारून बाहेर काढलंस. मला मात्र हाक मारली नाहीस. शेवटच्या रॅकपर्यंत चालत आलीस, खांद्यावर हात ठेवलास नि म्हणालीस, "चला, काका."

तेव्हा उमगलं, तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी दोष एसीच्या माथी मारलास नि बोलणी स्वतः खाल्लीस.

त्याच संध्याकाळी साहेबांकडे गेलो. तक्रार मागे घेतली, कानांचं खरं सांगितलं. साहेबांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "म्हणजे चार वर्षं मी ओरडलो ते सगळं फुकट गेलं!" खाली लिहिलं, "शुक्रवारी कानाच्या डॉक्टरकडे जा. शनिवारी कामावर हजर." जाऊन आलो. महिनाभरात मशीन मिळेल. मग फोन करीन, आणि तूच कंटाळशील.

मला माफ कर. उपकार फेडायची भाषा करत नाही, ते फिटायचे नाहीत.

उर्सुलाला सांगितलं तेव्हा ती आधी चिडली, मग रडली. आता ती स्वयंपाकघरातून हाका मारत नाही. जवळ येते, खांद्यावर हात ठेवते नि जेवायला बोलावते. सदतीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच.

वेळेत बाहेर आलेला,
तुझा मार्सेलकाका