एक तास दहा मिनिटं

सोमवार, ४ मार्च
लेकीचा फोन. शनिवारी पहाटे ती परदेशी चालली, तीन वर्षांसाठी. सामान बांधायला तिची आई गेलीच आहे, विमानाने. आता मी जायचं. बसने पंधरा तास, विमानाने एक तास दहा मिनिटं. म्हणजे हाकेच्या अंतरावर! शुक्रवारचं विमानाचं तिकीट काढलं. निश्चय दृढ.

मंगळवार, ५ मार्च
हिशेब मांडला. विमानतळ गाठायला दीड तास. तिथे दोन तास आधी हजर. उतरल्यावर बॅगेची आराधना, एक तास. पुढे टॅक्सी, दीड. संकीर्ण, दोन. एकूण नऊ तास दहा मिनिटं! हे कोणी छापत नाही. इतकी वर्षं वार्ताहरकी करून मीही छापलं नाही.

बुधवार, ६ मार्च
तिकीट रद्द. भीती नाही. तात्त्विक आक्षेप आहे. आकाश हे महाभूत आहे, रस्ता नव्हे.
फोनवर सांगितलं, संपादक सोडत नाही. (रजा त्याने गेल्याच आठवड्यात दिलीय.) ही म्हणाली, संपादकांना म्हणावं, खिडकीपासून लांब बसा आणि डोळे मिटा. संपादकाचा काय संबंध, कळलं नाही. लेक म्हणाली, बरं बाबा. समजूतदार पोर.

गुरुवार, ७ मार्च
झोप नाही. पण तोडगा सापडला! उद्या सकाळी सहाची बस, रात्री नऊला लेकीच्या दारात. कुणाला सांगायचं नाही. काय चेहरा होईल तिचा!

शुक्रवार, ८ मार्च, सकाळी
बसमध्ये. बसला खाली जमीन असते. यात सगळं आलं.

दुपारी दीड
बरोबर निम्म्या वाटेवर जेवायला थांबलो. हिचा फोन. अहो, आम्ही दोघी घरी आलोय, तुम्ही कुठे उलथलात? लेकीने तिकीट बदललंय. आज संध्याकाळी सातला आपल्याच शहरातून उडणार. म्हणाली, बाबांना नुसतं विमानतळापर्यंत यायचंय, आत बसायचं नाही.
मग लेक बोलली. बाबा, आहात कुठे? मध्यावर, म्हणालो. कशाच्या, म्हणाली. टॅक्सी शोधायला उठलो.

दुपारी पावणेदोन
पुढे जाऊन उपयोग नाही. परतीची बस थेट रात्री. टॅक्सीवाल्याचे पाय धरायचे बाकी ठेवले. तो म्हणाला, काका, उडवली तरी सहा तास. इथे जवळपास विमानतळ आहे का, असं मी विचारलं. मी! तो म्हणाला, नाही.

संध्याकाळी साडेसात
तिथल्याच बाकावर, रात्रीच्या बसची वाट बघत. वरून एक विमान गेलं. तेच असणार. उभा राहून हात केला. टॅक्सीवाला म्हणाला, काका, वरून दिसत नाही हो. बराच वेळ हात खाली घेतला नाही.
ती चाललीय तिथे विमानाने अकरा तास. रस्त्याचं पाहिलं. मध्ये समुद्र आहे.
सोमवारी बोटीची चौकशी करायची. नक्की.