वळणावरची बाटली

प्रिय सेव्हेरिन,

तू फोन घेत नाहीस, म्हणून लिहायला बसले. माझं लिहिणं तुला माहीत आहे, नववीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. चुका काढत बसू नकोस. टिल्डा आत्ताच झोपली आहे. तिला दात येतोय, खालचा, आणि सकाळपासून तिने माझं बोट चावून चावून लाल केलंय. सात महिन्यांची झाली ती. बसते. पुढे झुकते, तोंडावर पडते, मग माझ्याकडेच रागाने बघते, जसं काही मी ढकललं.

तुझ्या आईने तुझा निरोप सांगितला. स्वतःच्या पायावर चालेन तेव्हाच भेटेन, तोवर रोन्याला आणि बाळाला इकडे आणू नका. निरोप सांगताना त्या रडत होत्या आणि मी मात्र फोनवर "बरं, बरं" करत राहिले. मग फोन ठेवला आणि हिल्गर्सबाईंच्या लॉजवर खोल्यांच्या चादरी बदलायला गेले. अकरा नंबरच्या खोलीत, तुझ्या खोलीत, उशीचा अभ्रा हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. हिल्गर्सबाई दारात येऊन म्हणाल्या, "काय गं, उशीशी लग्न लावतेस का?" मी हसले. मग त्याच म्हणाल्या, "लाव. ती तरी उत्तर देईल."

मला तुझ्याकडे यायचंय, एवढंच आहे. पोरीला तुझ्या मांडीवर ठेवायचंय. तू चालतोस का, उभा राहतोस का, याच्याशी मला काही देणंघेणं नाही. पण तू नको म्हटलंस, आणि नको म्हटल्यावर यायची मला भीती वाटते. मला हल्ली सगळ्याचीच भीती वाटते. टिल्डा जास्त वेळ झोपली तर नाकाशी हात धरून बघते. खाली गाडीचा ब्रेक वाजला तर खिडकीकडे धावते. आणि आपल्या गावात तर चाचणीच्या गाड्यांचे दिवसभर ब्रेकच वाजतात.

बातमी सांगते. तुझी गाडी आली, तू चाचणीला चालवायचास ती. खरी, काही न गुंडाळलेली, सगळ्यांना दिसेल अशी. गेल्या मंगळवारी टेक्ला ती घेऊन थेट आपल्या अंगणात. तुमची टेक्ला इंजिनियर म्हणून मी तिला नेहमी जरा घाबरूनच असायचे, पण ती उतरली आणि आधी मला मिठी मारली, मग म्हणाली, "चल, बस. सेव्हेरिनने काय बनवलंय ते बघ तरी." मी म्हटलं मी गाडीत बसत नाही आता. ती म्हणाली, "बसू नकोस. नुसती बघ."

म्हणून बघितली. गर्द हिरवी आहे, पाइनच्या सावलीसारखी. दोन वर्षं मी तिला त्या काळ्यापांढऱ्या वेटोळ्यांच्या कागदात गुंडाळलेली बघितली होती, खरा आकार कुणाला कळू नये म्हणून पोटावर खोटे फुगवटे चिकटवलेली. मला वाटायचं अशीच असते ती, जाडी, बेढब. आणि ही तर कंबरेत बारीक निघाली! नाक जुन्या गाडीपेक्षा चांगलं दोन बोटं खाली, दिवे निमुळते, झोपेतून उठून डोळे किलकिले केल्यासारखे. दारांचे दांडे आत दडलेले, हात नेला की आपोआप बाहेर येतात. हिल्गर्सबाई हात मागे बांधून तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाल्या, "एवढ्या किमतीत माझं घर रंगवून झालं असतं, पण दिसते बरी." तू मला तिच्याबद्दल कधी काही सांगायचा नाहीस. नियम. फक्त रात्री कुशीवर वळून म्हणायचास, "मागून जड आहे ती, वळताना ऐकत नाही." आणि मी माझ्या पोटावर हात ठेवून म्हणायचे, माझ्याबद्दल बोलतोयस का रे! तेव्हा तू इतका हसायचास की भिंतीवर पलीकडच्या खोलीतून टकटक व्हायची.

मी शेवटी बसले. टिल्डाला हिल्गर्सबाईंकडे दिलं आणि बसले. आधी मागचं दार उघडून बाळाची सीट अडकवायचे हुक आहेत का ते बघितलं, आहेत, आणि चटकन सापडतात, बोटं सोलत नाहीत. मागे पाय ठेवायला जागापण भरपूर. पुढच्या सीटने दोन्ही बाजूंनी मला असं धरलं, तू अंगणातल्या बर्फावरून जाताना मागून धरायचास तसं. टेक्लाने बटण दाबलं तर काहीच आवाज नाही. मी म्हटलं, बंद पडली. ती म्हणाली, "विजेवर आहे, गावातून अशीच जाते. थांब, वर गेलो की बोलेल." आणि चढावर पोचल्यावर खरंच बोलली. खालून, पोटातून. टेक्लाने पाय दाबला तेव्हा मी मनात एक, दोन, तीन म्हटलं आणि चार म्हणायच्या आत काटा शंभरवर होता. माझी पाठ सीटमध्ये रुतली. जीव कुठे राहिला ते कळलंच नाही, बहुतेक मागे, बेकरीजवळ. पण थरथर नाही, धडधड नाही. ब्रेक मारला तर नाक खाली आपटलं नाही, सगळीच गाडी एकदम जमिनीवर बसली, दमलेल्या कुत्र्यासारखी.

ती चॅपेलच्या रस्त्यानेच निघाली, तुझा अपघात झाला त्याच. मी म्हटलं, टेक्ला, नको. ती म्हणाली, "मुद्दाम नेतेय. डोळे मिटलेस तरी चालेल, पण कान उघडे ठेव." मी डोळे मिटले, दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला. आणि ते वळण आलं, सेव्हेरिन, मला पोटातूनच कळलं की आलं, आणि काहीच झालं नाही. मागून कुणी घसरलं नाही. कंबरेला धरून हळूच वळवल्यासारखं झालं आणि आम्ही पलीकडे. टेक्लाने गाडी बाजूला लावून सांगितलं, आता मागची चाकंपण वळतात, थोडीशीच, दोन-तीन अंश, पण तेवढ्याने शेपूट पुढच्या नाकाचं ऐकतं. म्हणाली, "तुझ्या माणसाने यावर चाळीस पानं लिहिली होती. वरचे म्हणाले, एवढ्याशासाठी सहा महिने घालवायचे का? तो म्हणाला, घालवा. तो जखमी झाल्यावर मग सगळ्यांनी ती पानं वाचली." आणि मग तिने मला ते सांगितलं, जे तू मला कधीच सांगितलं नाहीस. मला दिवस गेल्याचं कळल्यावर तू म्हणे मागच्या सीटवर बाळाच्या दुधाची बाटली उभी ठेवायला लागलास. रोज. आणि वळण घेऊन आलास की मागे बघायचास, पडली की उभी आहे. टेक्ला म्हणाली, आम्ही सगळे मीटर, आकडे, कागद घेऊन बसायचो, आणि हा म्हणायचा, "बाटली पडली. नाही जमलं." पोरं त्याला चिडवायची, अरे स्पोर्ट्स गाडी आहे ही, दूधगाडी नाही. तर हा म्हणायचा, चार दारांची आहे ना? मग मागे कुणीतरी बसणारच.

मी तिथे खूप रडले. टेक्लाला काय करावं कळेना, ती उगाच वायपर चालू-बंद करत बसली.

आता रागाचं सांगते, कारण रागपण आहे. इतके महिने मला वाटायचं माझा राग गाडीवर आहे. वळणावरून परत येताना कळलं, गाडीवर नाही. त्या कापडावर आहे. तुम्ही सगळे अंगणात शर्यती लावायचात, कोण राखाडी कव्हर गाडीवर लवकर टाकतो, हरेल त्याने बियर पाजायची. तुझे एकोणीस सेकंद. कुणालाच मोडता आले नाहीत, आणि मीपण खिडकीतून टाळ्या वाजवायचे, मूर्खासारखी. गाडी रस्त्यात बंद पडली तर कुणी फोटो काढायच्या आत आधी झाका, मग बाकीचं. डोक्यात एवढं पक्कं बसवलंत की पाठीचा मणका मोडलेला असतानासुद्धा तू आधी झाकलंस.

हे मला गेरेओनने सांगितलं, मार्चमध्ये. तू म्हणशील तुमच्या गाड्यांचे चोरून फोटो काढून विकणाऱ्या त्या फोटोवाल्याशी कशाला बोलतेस. पण तो अजून रोज येतो नाश्त्याला, खिडकीजवळच्या त्याच टेबलावर, लांब नळीचा कॅमेरा खुर्चीवर पोरासारखा बसवून. हल्ली तुमच्या लोकांच्या टेबलाकडे बघून "काय मंडळी, आज कुठे लपवताय?" असं ओरडत नाही. खातो आणि निघतो. एक दिवस मी कॉफी ओतत होते तर म्हणाला, बस. आणि सगळं सांगितलं. ओल्या पानांवरून मागची बाजू निसटली, गाडी चरात गेली, दगडी कुंपणाला बाजूने धडकली. तो झाडीतून धावत आला तर तू दार उघडून रांगत डिकीकडे निघाला होतास. तो ओरडला, "सोड ते कापड! मी नाही काढत फोटो! हे बघ, कॅमेरा खाली ठेवला!" आणि तू म्हणालास, "तू? तू तर गोगलगायीचापण फोटो विकशील." हसलास म्हणे. आणि उभा राहून कव्हर ओढलंस, चारही कोपरे नीट खेचलेस. त्या दिवशी किती सेकंद लागले, कुणी मोजलं नाही. मग तू चाकाला टेकून खाली बसलास आणि म्हणालास, "गेरेओन, माझे पाय थंड का पडलेत रे?"

डॉक्टरांनी तुझ्या आईला सांगितलं होतं, हललाच नसता तर एवढं झालं नसतं. ते वाक्य मी उठता बसता ऐकते. मी तेव्हा इथे होते, आठ महिन्यांची, बटाट्याची धिरडी परतत. तुम्ही कुठे आहात हे कुणी सांगेना, सांगायचं नसतं म्हणे. संध्याकाळपर्यंत मला कुणी काही सांगितलं नाही. टिल्डा झाली तेव्हा दाईने विचारलं, बाबा बाहेर आहेत का? मी हो म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. बाहेर हिल्गर्सबाई होत्या, एप्रन घालूनच आलेल्या.

ती तुझ्यासारखी दिसते. भुवई वर करते, डावी, एकटीच. तिच्याकडे बघताना मला तुझी इतकी आठवण येते की मी तोंड फिरवते, आणि मग पोरीकडून तोंड फिरवलं म्हणून वाईट वाटतं. तुझा शर्ट मी अजून धुतलेला नाही. सांगितलं तर हिल्गर्सबाई हसतील.

आता ते लिहिते, ज्याच्यासाठी कागद घेतला. तीन कागद फाडून झाले. सेव्हेरिन, गेरेओन त्या दिवशी चॅपेलच्या वळणावर आपणहून नव्हता गेला. मी सांगितलं होतं. तुमच्या टेबलावरचं बोलणं त्याच्या टेबलावर न्यायचं नाही हे हिल्गर्सबाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि चार वर्षं मी ते पाळलं. पण माझ्याकडे तुझा एकही फोटो नव्हता गाडी चालवताना. तुमच्या फोनच्या डोळ्यावर कंपनीचे लाल स्टिकर, तुमच्या तोंडावर टोप्या. मला वाटलं, पोरगी उद्या विचारेल, बाबा काय करतात, तर मी काय दाखवू? म्हणून सकाळी पाव वाढताना मी गेरेओनच्या कानात म्हटलं, दहाला तो चॅपेलच्या रस्त्याने जाईल, गाडीचा नको, त्याचा एक काढ, माझ्यासाठी. तो झाडीत नसता तर तुला कुणापासून झाकायचं होतं? तू आडवाच राहिला असतास. गेरेओनने हे आजवर कुणाला सांगितलं नाही, मलासुद्धा बोलून दाखवलं नाही. परवा फक्त एक पाकीट ठेवून गेला. फोटो आहे. वळणाच्या आधीचा. काचेतून तू दिसतोस, टोपी मागे सरकलेली, आरशात मागच्या सीटकडे बघतोयस. सोबत पाठवतेय, माझ्याजवळ ठेवायचा मला हक्क वाटत नाही. मला तुझ्याकडे यायचंय, पण हे न सांगता येऊन तुझ्या मांडीवर पोरगी ठेवली असती तर ती चोरी झाली असती. आता तुला सगळं ठाऊक आहे. अजूनही येऊ नकोस म्हणायचं असेल तर म्हण, पण पायांचं कारण देऊ नकोस. माझं नाव घेऊन म्हण. आणि म्हणायचं नसेल तर आईंजवळ नुसता वार सांग, मी टिल्डाला घेऊन पहिल्या गाडीने निघेन.

तुझीच, तू म्हणशील तोवर,
रोन्या